जॅझ आणि टेक्नोचं नातं सॅक्सोफोनमध्ये शोधू नका

प्रश्न थोडक्यात असा: जॅझ म्हणजे चार माणसांनी एकमेकांचं ऐकत, ऐनवेळी सुचेल ते वाजवणं, टेक्नो म्हणजे यंत्राला लावून दिलेला ठोका. मग टेक्नो जिथे जन्मला त्या अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहराचे टेक्नोवाले जॅझचं नाव एवढं का घेतात? नातं खरंच आहे, की वजन वाढवायला लावलेलं बिरुद? आणि स्वतःच्या ट्रॅकमध्ये जॅझ आणायचा असेल तर सुरुवात कुठून करायची?

मी दोन्हीकडे वावरलोय. जॅझच्या चौकडीत कीबोर्ड वाजवलाय, आणि ड्रम मशीन, सीक्वेन्सर (ठरवून दिलेला क्रम परत परत वाजवणारं यंत्र) घेऊन एकट्याने लाइव्ह सेटही केलेत. माझ्या मते नातं पक्कं आहे, पण बहुतेक जण ते वरवरच्या खुणांमध्ये शोधतात. किकचे (खालच्या, जड ड्रमचे) चार ठोके, त्यावर सॅक्सोफोनची एखादी फ्रेज, मागे इलेक्ट्रिक पियानो, की झाला 'जॅझी टेक्नो'. हा नुसता मुलामा आहे. खरी नाळ वेळेच्या हिशोबात आहे: एकच गोष्ट किती लांबवायची, तिच्या आत ठोका किती मागेपुढे सरकवायचा, आणि एवढं लांबवूनही ऐकणाऱ्याला धरून कसं ठेवायचं.

आधी कोणता जॅझ ते ठरवू. १९४० च्या दशकातला बीबॉप घेतलात, म्हणजे चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी वगैरे, तर टेक्नोशी त्याचं गोत्र जुळवणं अवघड आहे. बीबॉपमध्ये कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, भराभर बदलतात, कधी एकाच बारमध्ये (चार ठोक्यांच्या एका मापात) दोन. प्रत्येक कॉर्ड पुढच्या कॉर्डकडे ढकलते आणि ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष पुढच्या वळणावर असतं. टेक्नोला हे परवडत नाही. नाचणारा माणूस 'आता पुढे काय' म्हणून वाट बघायला लागला की ठोक्यातून बाहेर पडतो. बीबॉपची हार्मनी जशीच्या तशी टेक्नोवर बसवण्याचे बरेच प्रयोग मी ऐकलेत. वादक चांगले असूनही त्यातले बहुतेक दमछाक करणारे वाटतात, आणि त्याचं कारण हेच आहे.

१९५९ मध्ये मात्र एक दार उघडलं. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमची सुरुवात 'सो व्हॉट'ने होते. ३२ बारची रचना आहे. पहिले १६ बार डी डोरियन (डीपासून सुरू होणारी एक स्वरमाला), मग ८ बार तेच सगळं अर्धा स्वर वर, मग पुन्हा ८ बार मूळ जागी. हार्मनी म्हणून एवढंच. कॉर्ड कुठेही निघालेली नाही, ती एका जागी थांबली आहे आणि वादक तिच्यात राहतोय. बिल इव्हान्सने पियानोवर जो दोन ठोक्यांचा जबाब दिलाय तो जवळून बघा. पहिल्या कॉर्डचे स्वर खालून वर ई, ए, डी, जी, बी. दुसरीचे डी, जी, सी, एफ, ए. म्हणजे हाताचा आकार तोच ठेवून पाचही स्वर एकदम एक स्वर खाली सरकवले. पाश्चात्त्य शास्त्रीय हार्मनीच्या वर्गात असं लिहिलंत तर मास्तर लाल रेघ ओढतील, कारण तिथे प्रत्येक स्वराने आपापल्या वाटेने जायचं असतं.

आता टेक्नोच्या स्टुडिओत या. सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाज टिपून वाजवणाऱ्या यंत्रात, एक मायनर नाइन्थ (पाच स्वरांची) कॉर्ड टिपायची आणि ती एकेका पट्टीवर वाजवायची. वर गेलात तर अख्खी कॉर्ड आकार न बदलता वर सरकते, खाली आलात तर खाली. कॉर्ग पॉलिसिक्ससारख्या सिंथेसायझरवर कॉर्ड मेमरी नावाचं बटणच होतं: एकदा पकड लक्षात ठेवली की एका बोटाने पूर्ण कॉर्ड. इव्हान्सने जे चवीने निवडलं ते यंत्राने सक्तीने करायला लावलं, आणि कानाला दोन्हीकडे तोच तरंगता, ना आनंदी ना दुःखी असा रंग लागतो. डेट्रॉईट टेक्नोची जी 'ती' कॉर्ड म्हणतात, तिचा स्वभाव हा आहे. ती पोरं इव्हान्सचा अभ्यास करून बसली होती असं मी म्हणत नाही. तो रंग मधल्या वीस-पंचवीस वर्षांत फंक आणि फ्यूजनच्या (जॅझ आणि रॉक-फंकच्या मिश्रणाच्या) वाटेने रेडिओवर आला होता, कानावर पडत होता.

'सो व्हॉट'ची सुरुवातीची प्रसिद्ध धून डबल बेसवर आहे, आणि ती वाजवणारा पॉल चेंबर्स डेट्रॉईटमध्ये वाढलेला. हे शहर टेक्नोच्या कितीतरी आधी जॅझचं शहर होतं. रॉन कार्टर, डोनाल्ड बर्ड, टॉमी फ्लॅनगन, बॅरी हॅरिस, केनी बरेल, अ‍ॅलिस कोल्ट्रेन ही सगळी त्या परिसरातली माणसं. ड्रमर एल्विन जोन्स जवळच्याच पाँटिअ‍ॅकचा. कॅस टेक हायस्कूलच्या संगीत विभागातून तर पिढ्याच्या पिढ्या बाहेर पडल्या. ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये, हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या आसपास क्लबांची रांग होती. १९५० च्या दशकापासून ती वस्ती पाडत गेले आणि हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या जागी क्रायसलर फ्रीवे आला. क्लब गेले, वादक आणि शिकवणारे पुष्कळसे शहरातच राहिले.

त्यातल्या अनेकांना मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने काम दिलं. तिच्या संस्थापकाने, बेरी गॉर्डीने, आधी जॅझच्या रेकॉर्डचं दुकान काढलं होतं. ते चाललं नाही, मग १९५९ मध्ये त्याने ही कंपनी उभी केली. पण स्टुडिओतले वादक त्याने जॅझच्या क्लबांमधूनच उचलले. फंक ब्रदर्स म्हणून पुढे ओळखली गेलेली ही मंडळी दिवसा पॉप गाणी वाजवायची आणि रात्री क्लबात जॅझ. जेम्स जेमर्सनच्या बेसमधला तो सतत खेळता हात मुळात डबल बेसवर तयार झालेला आहे. १९७२ मध्ये मोटाउनने बाडबिस्तरा लॉस एंजेलिसला हलवला आणि शहरात मागे उरले कसलेले वादक, रिकामे स्टुडिओ आणि उतरती कळा लागलेले मोटारींचे कारखाने.

अशा शहराजवळच्या बेलव्हिल या गावात हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन एका शाळेत होते. रात्री रेडिओवर 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' नावाचा निवेदक फंकवाले पार्लमेंट, प्रिन्स आणि जर्मन इलेक्ट्रॉनिक बँड क्राफ्टवेर्क एकामागोमाग एक लावायचा, कसलीही वर्गवारी न करता. अ‍ॅटकिन्सने रिक डेव्हिससोबत सायबोट्रॉन या नावाने १९८१ मध्ये पहिली रेकॉर्ड काढली, १९८५ मध्ये मेट्रोप्लेक्स हे लेबल सुरू केलं, आणि १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या एका संग्रहामुळे टेक्नो हे नाव या संगीताला कायमचं चिकटलं. या तिघांच्या सुरुवातीच्या कामात जॅझ थेट फारसा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिथे क्राफ्टवेर्क आहे, फंक आहे, शिकागोचा हाउस (क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) आहे. जॅझ आला तो या सगळ्यांच्या अंगाखांद्यावरून, आणि दुसऱ्या फळीत मात्र अगदी नाव घेऊन.

पण त्याआधी जॅझनेच अर्धी वाट चालून ठेवली होती. ती १९६९ ते १९७४ ची पाच-सहा वर्षं माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहेत. १९६९ च्या 'इन अ सायलेंट वे'मध्ये माइल्सच्या वादकांनी वाजवलं ते एक, आणि निर्माता टिओ मॅसेरोने टेप कापून, जोडून तयार केलं ते दुसरं. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला सुरुवातीची संथ धून शेवटी पुन्हा येते ती वादकांनी पुन्हा वाजवलेली नाही, तोच टेपचा तुकडा पुन्हा जोडलाय. पहिल्या बाजूलाही सुरुवातीची सुमारे सहा मिनिटं शेवटी जशीच्या तशी परत येतात. कॉपी-पेस्टच हे, फक्त ब्लेड आणि चिकटपट्टीने केलेलं. जॅझच्या कट्टर मंडळींना तेव्हा ते रुचलं नाही. माणसाचं वादन कच्चा माल म्हणून घ्यायचं आणि आवर्तनात बसवायचं, ही टेक्नोची रोजची कामाची पद्धत तिथे तयार दिसते. १९७२ च्या 'ऑन द कॉर्नर'मध्ये तर अख्खी बाजू जवळपास एका ठेक्यावर फिरत राहते, आणि त्या ठेक्यात बादल रॉय यांचा तबलाही आहे.

पियानोवादक हर्बी हॅन्कॉक तर आणखी पुढे गेला. १९७३ च्या 'सेक्स्टंट'मध्ये पॅट्रिक ग्लीसनने एआरपी सिंथेसायझरवर उभ्या केलेल्या टपटपत्या आवर्तनावर बँड वाजवतो. १९७४ मध्ये जपानमध्ये केलेल्या 'डेडिकेशन'ची एक बाजू निव्वळ पियानो आहे. दुसऱ्या बाजूला हॅन्कॉक एकटा, सोबतीला फक्त यंत्रं. त्यातला 'नोबू' हा तुकडा ऐका. सिंथेसायझरचा एक न थांबणारा नाद आणि त्यावर इलेक्ट्रिक पियानोचं स्वैर वादन. कुणाला न सांगता ऐकवलं तर नव्वदच्या दशकातलं डेट्रॉईट म्हणून खपून जाईल. जॅझचे कीबोर्डवादक आणि बँडप्रमुख सन रा यांनाही विसरू नका. १९७० च्या सुमारास सिंथेसायझर बनवणाऱ्या बॉब मूगकडून मिळालेला मिनीमूग या सिंथेसायझरचा प्राथमिक नमुना ते वाजवत होते, आणि अवकाशातून आलेल्या कृष्णवर्णीय माणसाची जी कल्पनासृष्टी त्यांनी उभी केली तिच्याच अंगणात डेट्रॉईटच्या रेकॉर्डवरचे ग्रह-तारे फिरतात.

आता तालाकडे. इथे जरा रेंगाळतो, कारण दोघांची खरी ओळख इथेच पटते.

स्टेप सीक्वेन्सरवर एका बारचे सोळा सारखे भाग, म्हणजे स्टेप, असतात. रोलँडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनवर (१९८०) ते सरळच वाजायचे. टीआर-९०९ वर (१९८३) शफल आलं, म्हणजे प्रत्येक दुसरी स्टेप जरा उशिरा वाजवण्याची सोय. रॉजर लिनने ड्रम मशीनमध्ये हाच झोल स्विंग म्हणून आणला, आणि त्याच्या १९८८ च्या एमपीसी-६० वर तो टक्केवारीत दिसतो: ५० म्हणजे सरळ, ६६ म्हणजे ट्रिपलेट (ठोक्याचे तीन सारखे भाग), ७५ म्हणजे कमाल. ही टक्केवारी प्रत्यक्षात किती असते ते बघू. १३० बीपीएमला (मिनिटाला १३० ठोके) एक ठोका साधारण ४६१ मिलीसेकंदांचा, एक स्टेप म्हणजे त्याचा चौथा भाग, ११५ चा. स्विंग ५४ वर नेलात तर प्रत्येक दुसरी स्टेप फक्त ९ मिलीसेकंद उशिरा येते. ५८ ला १८. ६६ ला ३७. नऊ मिलीसेकंद कानाला 'उशीर' म्हणून कळतच नाहीत, पण कंबरेला कळतात. टेक्नोचा बराचसा जीव ५२ ते ५८ च्या दरम्यान आहे. ६६ वर गेलात की वरात निघाल्यासारखं वाटायला लागतं.

जॅझमध्ये हाच खेळ आठव्या भागांवर चालतो आणि ड्रमर तो हाताने करतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की स्विंग म्हणजे ट्रिपलेटचा पहिला आणि तिसरा भाग, म्हणजे दोनास एक. ते मध्यम लयीला बऱ्यापैकी खरं आहे. लय वाढली की चांगला ड्रमर ते प्रमाण आपोआप सपाट करत जातो, अतिद्रुत लयीत जवळपास सरळच वाजवतो. संथ लयीत उलट ते आणखी ताणलं जातं. म्हणून जॅझच्या ड्रमची नक्कल करताना स्विंगचा आकडा एकदा लावून विसरू नका. ट्रॅकची लय बदलली की तोही बदलायला हवा.

आणखी एक गोष्ट सॉफ्टवेअरच्या स्विंगमध्ये मिळत नाही. चांगल्या जॅझ बँडमध्ये सगळे सारखेच मागेपुढे नसतात. राइड सिंबल जागच्या जागी, बेस केसभर पुढे, सोलो वाजवणारा आरामात मागे. एकाच ठोक्याच्या तीन वेगवेगळ्या समजुती एकावेळी चालू असतात आणि त्यांच्या घर्षणातून ती चाल तयार होते. हे टेक्नोत करता येतं, आणि फुकट करता येतं. सगळ्या ट्रॅकना एकच स्विंग लावण्याऐवजी हॅट (छोट्या झांजेचा आवाज) ग्रिडवर, म्हणजे मोजलेल्या जागी, ठेवा, क्लॅप (टाळीचा आवाज) ८-१० मिलीसेकंद मागे ओढा, बेसलाइन ३-४ मिलीसेकंद पुढे. कॉर्डचा स्टॅब (तुटक फटका) हाताने वाजवा आणि क्वांटाइझ करू नका, म्हणजे ग्रिडला चिकटवू नका. एवढ्यानेच लूप श्वास घ्यायला लागतो. मी कुणाचाही ट्रॅक दुरुस्त करायला बसतो तेव्हा सॅक्सोफोनला हात लावण्याआधी हे करतो, आणि बहुतेकदा त्यानंतर सॅक्सोफोनची गरज उरत नाही.

आता एल्विन जोन्सकडे परत येतो. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत तो चारच्या अंगावर तीनचा फेर धरून वाजवायचा, आणि 'एक' कुठे आहे ते सांगायची घाई करायचा नाही. टेक्नोत हेच गणित अगदी उघडं असतं. सोळा स्टेपच्या किकवर तीन स्टेपची एक छोटी धून लावा. ती दर वेळी वेगळ्या जागी पडत जाते आणि ४८ स्टेपनंतर, म्हणजे तीन बारनंतर, पुन्हा समेवर येते. १३० बीपीएमला हे साडेपाच सेकंद झाले. त्यात पाच स्टेपची आणखी एक धून मिसळलीत तर सगळ्यांची गाठ २४० स्टेपनंतर पडते: १५ बार, जवळपास २८ सेकंद. तीन लहानशा, अजिबात न बदलणाऱ्या गोष्टी, आणि तरी अर्धा मिनिट काहीही जसंच्या तसं परत येत नाही. टेक्नो 'तेच तेच' वाजतं म्हणणाऱ्याने एकदा हॅट सोडून फक्त या गाठीकडे कान लावावा. आवर्तनाला सरावलेल्या कानाला ती चटकन सापडते.

फरक इथेच दिसतो, आणि तो झाकायचं कारण नाही. एल्विनचा तीन कोल्ट्रेनला उत्तर म्हणून यायचा. कोल्ट्रेन भडकला की एल्विन भडकायचा. सीक्वेन्सरला समोर कोण आहे याचा पत्ता नसतो. यंत्र जबाब देत नाही. म्हणून 'टेक्नो म्हणजे यंत्रांचा जॅझ' हे वाक्य मला पटत नाही. ऐकायला झकास आहे, पण जॅझमधली सगळ्यात मोलाची गोष्ट, दोन माणसांमधली ती ऐनवेळची देवाणघेवाण, त्यात गाळून टाकलेली असते.

मग टेक्नोत उपज असते का? असते, पण स्वरांमध्ये क्वचित. ती फिल्टरच्या खुंटीवर असते, मिक्सरच्या म्यूट बटणांवर असते, डीलेचा (प्रतिध्वनीचा) फीडबॅक हाताबाहेर जाण्याच्या क्षणभर आधी मागे घेण्यात असते. लेहरा तसाच राहतो आणि तबलजी त्यावर वाढवत नेतो, तसं काहीसं: पाया हलत नाही म्हणूनच वरचं हलणं कळतं. डेट्रॉईटच्या जेफ मिल्सला ९०९ वर हाताने काम करताना बघितलं की शंका उरत नाही. मशीन चालू असताना तो पॅटर्न लिहितो, पुसतो, अ‍ॅक्सेंट फिरवतो, किक काढून घेतो. समोर गर्दी असते आणि तिच्या अंगातल्या हालचालीवर त्याचे पुढचे चार बार ठरतात. जबाब देणारा इथे नाचणारा माणूस आहे. पण ज्या लाइव्ह सेटमध्ये सगळ्या क्लिप आधीच ओळीने लावलेल्या असतात आणि कलाकार फक्त पुढची क्लिप सुरू करतो, त्याला मी उपज म्हणणार नाही, मंचावर कितीही केबली लोंबत असल्या तरी.

आता ती दुसरी फळी. माइक बँक्स मुळात स्टुडिओत वाजवणारा वादक. जेफ मिल्ससोबत त्याने अंडरग्राउंड रेझिस्टन्स उभं केलं, आणि १९९३ मध्ये गॅलेक्सी टू गॅलेक्सी या नावाने काढलेल्या रेकॉर्डमधल्या एका ट्रॅकला सरळ 'हाय-टेक जॅझ' असं नाव दिलं. त्याच्या एक वर्ष आधी 'ज्युपिटर जॅझ' येऊन गेला होता. तोवर युरोपात टेक्नो म्हणजे काँक्रीट, धूर आणि जर्मन यंत्रं असं चित्र पक्कं होत चाललं होतं. अशा वेळी रेकॉर्डवर जॅझ हा शब्द छापणं म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढवण्यासारखं होतं: हे संगीत कृष्णवर्णीय अमेरिकेच्या परंपरेतलं आहे, विसरू नका. तुमच्या प्रश्नातल्या 'बिरुद' या शब्दाला माझं उत्तर हे. बिरुद असेल, पण वारसदाराने लावलेलं.

डेट्रॉईटच्याच कार्ल क्रेगने ते नावापुरतं ठेवलं नाही. इनरझोन ऑर्केस्ट्रा या नावाने १९९२ मध्ये काढलेल्या 'बग इन द बासबिन'मध्ये चार ठोक्यांची किकच नाही. तुटक ड्रम, डबल बेसचा सूर. ब्रिटनमधले डीजे ही मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने लावायचे आणि ती ड्रम अँड बेस या वेगवान, तुटक तालाच्या शैलीच्या पूर्वजांमध्ये गणली जाऊ लागली. पुढे १९९९ च्या अल्बमसाठी क्रेगने खरे वादक बसवले: सन रांच्या आर्केस्ट्रात वाजवलेला ड्रमर फ्रान्सिस्को मोरा, कीबोर्डवर क्रेग टेबॉर्न. २००३ मध्ये द डेट्रॉईट एक्सपेरिमेंट या प्रकल्पात त्याने शहरातल्या अनेक जॅझवादकांचे गुरू, ट्रम्पेटवादक मार्कस बेलग्रेव्ह, पियानोवादक जेरी अ‍ॅलन, व्हायोलिनवादक रेजिना कार्टर यांना एकत्र आणलं, आणि २००९ मध्ये सत्तरच्या दशकातल्या ट्राइब या जॅझ मंडळाची नवी रेकॉर्ड तयार केली. योगायोग म्हणा, पण डेट्रॉईटचा जॅझ महोत्सव १९८० पासून ज्या हार्ट प्लाझात भरायचा, तिथेच २००० मध्ये पहिला इलेक्ट्रॉनिक संगीत महोत्सव झाला, आणि त्याचा कलाप्रमुख क्रेगच होता.

युरोपची बाजू थोडक्यात. बर्लिनच्या कडक टेक्नोत जॅझ शोधत बसू नका, फार काही हाती लागणार नाही. अपवाद मॉरिट्झ फॉन ओस्वाल्डचा. त्याचं त्रिकूट २००९ पासून टेक्नोची सामग्री घेऊन खरोखर एकमेकांचं ऐकत वाजवायचं आणि २०१५ च्या अल्बमवर ड्रमला टोनी अ‍ॅलन होता. फ्रान्समधल्या सेंट जर्मेनचं नाव या चर्चेत नेहमी येतं, पण तो हाउस आहे, टेक्नो नव्हे. तिथे जॅझचे नमुने छान लागलेत, तालाच्या पातळीवर मात्र फारसं काही घडत नाही.

टोनी अ‍ॅलन आणि जेफ मिल्स यांची २०१८ ची ब्लू नोटवरची रेकॉर्ड मात्र पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखी आहे, विशेषतः स्वतः असं काही करायचं असेल तर. आफ्रोबीटचा (पश्चिम आफ्रिकेतल्या फंक-जॅझच्या मिश्रणाचा) हा ड्रमर किकला कधीच चार ठोक्यांना बांधून ठेवत नाही, त्याचे पाय बोलत असतात. त्यामुळे मिल्सच्या मशीनला बऱ्याच ठिकाणी बाजूला सरून टिकटिकत्या वरच्या आवाजांवर समाधान मानावं लागतं. अ‍ॅलन २०२० मध्ये गेला. त्यानंतर मिल्सने कीबोर्डवाला जाँ-फी दारी आणि तबलावादक प्रभू एडुआर्द यांना घेऊन हा गट चालू ठेवला.

मशीन आणि ड्रमर एकत्र बसवताना मला कायम अडचण येते ती लो-एंडची, म्हणजे तळाच्या जड आवाजांची. मशीनची किक आणि ड्रमसेटचा बास ड्रम दोघे एकाच जागी उतरतात, दोघांमध्ये दहा-पंधरा मिलीसेकंदांचं अंतर पडतं आणि ऐकणाऱ्याला तो सैलपणा न वाटता गचाळपणा वाटतो. उपाय एकच: किक कुणा एकाला द्या. मशीनला दिलीत तर ड्रमरला सांगा, पाय आवर, राइड आणि स्नेअरवर खेळ. ड्रमरला दिलीत तर मशीनकडे फक्त हॅट आणि शेकर ठेवा आणि ड्रमरच्या कानात क्लिकऐवजी तेच सोडा. कोरड्या क्लिकवर जॅझचा ड्रमर लाकडासारखा वाजवतो, शेकरवर जिवंत वाजवतो. डबल बेसचंही तेच. किक ५०-६० हर्ट्झला बसलेली असेल तर बेसचा तळ तिथून थोडा कापून टाका. बेसवाला कुरकुर करेल. हॉलमध्ये मागे उभं राहून ऐकायला सांगा.

सोलो असेल तर त्याला ३२ बार मोकळे देऊन मागे लूप तसाच चालू ठेवू नका. हा माझ्या ऐकण्यातला सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे. वादक जीव तोडून वाजवतो आणि मागचं यंत्र ढिम्म. सोलो चालू असताना फिल्टर कुणीतरी हाताने धरलेला हवा. त्याने वर चढायला घेतलं की हॅट उघडा, त्याने जागा सोडली की किक दोन बार काढून घ्या. सोलोवाल्याला हे लगेच कळतं आणि तो त्यावर खेळायला लागतो. आणि कॉर्ड कमी ठेवा. एक पुरे, फार तर दोन, त्याही समांतर सरकणाऱ्या. टू-फाइव्ह-वनची, म्हणजे जॅझमधल्या त्या नेहमीच्या तीन कॉर्डच्या साखळीची, घाई इथे नको.

ऐकायचं कुठून म्हणाल तर टेक्नोकडून जॅझकडे उलटं जा. आधी 'हाय-टेक जॅझ', मग इनरझोन ऑर्केस्ट्राचा १९९९ चा अल्बम, मग 'नोबू', मग 'इन अ सायलेंट वे' पूर्ण, एका बैठकीत, तो टेपचा जोड कुठे येतो ते शोधत. इलेक्ट्रॉनिक संगीतकार फ्लोटिंग पॉइंट्स आणि सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स यांचा २०२१ चा 'प्रॉमिसेस' सगळ्यात शेवटी ठेवा. तिथे ठोका जवळपास नाहीच, फक्त काही स्वरांची एक धून पाऊण तास परत परत येत राहते आणि ऐंशीचे सँडर्स तिच्याभोवती वाजवतात. त्याला टेक्नो म्हणावं की जॅझ यावर लोक भांडतात. मला विचाराल तर ती धून दर वेळी किती थांबून येते तेवढं मोजत ऐका, आणि मग आपल्या सीक्वेन्सरपाशी बसा.